कोष्टी खानावळीतला तृप्तिनाद

"आणखी वाढू का?" हे तीन शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही खानावळीत उच्चारायला २०६८ सालापासून बंदी होती. घरात म्हणायला हरकत नव्हती, पण घरातही म्हणणारे कमीच उरले होते. लागोपाठ सात उन्हाळे असे आले, की ज्वारीची कणसं दाणा भरायच्या आधीच वाळून जाऊ लागली. मग सरकारने प्रत्येक खानावळीला 'मोजथाळी' लावून दिली. दोन भाकरी, एक वाटी उसळ, मूठभर भात आणि चिमूटभर चटणी. दारातल्या यंत्रावर अंगठा टेकवायचा, एक थाळी जेवायची आणि निमूटपणे उठायचं.

मोजथाळी म्हणजे उपासमार नव्हती, हे आधी सांगायला हवं. आहारशास्त्राच्या जाणकारांनी ती डोकं लावून बसवली होती. पिठात प्रथिनं मिसळलेली असत, उसळीत क्षार असत आणि एवढ्यावर माणूस दिवसभर राबू शकत होता. फक्त जेवल्यासारखं वाटत नव्हतं. शरीराला पुरत होतं, पण मन काही मानत नव्हतं, आणि माणूस जेवतो तो बहुतेक मनानेच. लोक ताटावरून उठत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विसरून चालल्याचा भाव असे.

हा भाव विट्याच्या अनसूया कोष्टींना बघवत नव्हता. एस. टी. स्टँडमागे त्यांची खानावळ होती. दहा टेबलं, चाळीस खुर्च्या. आत चुलीपुढे अनसूयाकाकू आणि बाहेर गल्ल्यावर त्यांचे यजमान धोंडीरामकाका, अशी व्यवस्था एकेचाळीस वर्षं चालली होती. एकेचाळीसपैकी सदतीस वर्षं काकूंनी आग्रह करकरून माणसांना जेवू घातलं होतं. नको म्हणून ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून भाकरी वाढणं ही त्यांची खासियत होती. आता त्याच बाईला मोकळ्या ताटाकडे बघणाऱ्या माणसापुढून रिकाम्या हाताने परत फिरावं लागत होतं. दिवाळीनंतर खानावळ बंद करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ही बातमी पुण्याला डॉ. विश्वंभर तोडकरांच्या कानावर गेली आणि ते सगळी कामं टाकून विट्याला आले.

विश्वंभर मेंदूचे शास्त्रज्ञ होते. पण विट्यात त्यांची ओळख निराळी होती. कॉलेजची चार वर्षं ते काकूंच्या खानावळीत जेवले होते. घरून पैसे यायचे थांबले ते सबंध वर्ष काकूंनी त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. आपण आज जे काही आहोत त्यात निम्मी काकूंची भाकरी आहे, असं ते परदेशातल्या परिषदांमध्येही सांगत, आणि मनापासून सांगत.

"काकू, खानावळ बंद करायची नाही," ते आल्याआल्या म्हणाले. "मी तुमच्यासाठी संगीत आणलंय."

"संगीत?" काकू म्हणाल्या. "आरं, सरकारनं मागं लावलं हुतं की एक. त्ये ऐकून तीन ट्रकवाली हितंच घोरत पडली. बंद केलं मी."

काकू म्हणत होत्या ते खरं होतं. सरकारने सगळ्या खानावळींना एकच तयार संगीत पाठवलं होतं आणि ते साफ फसलं होतं. पण त्यामागची कल्पना चांगली होती. विश्वंभरांनी ती काकूंना पीठ मळता मळता समजावून सांगितली.

"पोट भरलं हे पोटाला कळत नाही, काकू. पोट फक्त निरोप पाठवतं. तो निरोप मेंदूत पोचला की तिथे एक विशिष्ट लय सुरू होते. मेंदूतल्या पेशी एका तालात चमकायला लागतात. ती लय सुरू झाली की आपण म्हणतो, बास, भरलं. आता ही लय आम्हाला टोपीसारखं यंत्र डोक्यावर घालून टिपता येते, आणि टिपलेली लय आवाजात बदलता येते. तिला आम्ही तृप्तिनाद म्हणतो. तो इतका बारीक असतो, की वेगळा ऐकू येत नाही. कुठल्याही संगीताच्या खाली तो अंथरायचा."

"आणि कानातनं पोट भरतंय व्हय कुणाचं?"

"भजनाला बसल्यावर तुमच्या टाळ्या शेजारणीच्या टाळ्यांबरोबर पडायला लागतात की नाही? तुम्ही मुद्दाम करता का ते? मेंदूचं तसंच आहे. समोर लय चालू असली की तो आपोआप तिच्यात मिसळतो."

काकूंना हे पटलं. प्रश्न एवढाच होता, की लय घ्यायची कुणाची. कारण तृप्ती ज्याची त्याची वेगळी असते, आणि सरकारी संगीत फसलं ते नेमकं इथे. त्यांनी शंभर माणसांची तृप्ती एकत्र घोटली होती आणि शंभर जणांत समान निघाली ती फक्त झोप. विश्वंभरांचं म्हणणं असं, की खानावळ लहान असली तर एकाच चांगल्या माणसाची तृप्ती घ्यावी. संशोधनासाठी म्हणून त्यांनी तीन पोटभर जेवणांचा सरकारी परवाना मिळवला होता. तीन माणसं निवडायची होती.

पहिले निवडले ते बापू मुळीक पैलवान. त्यांनी अकरा भाकऱ्या खाल्ल्या आणि यंत्रावर डोंगरासारखी लय उमटली. दुसऱ्या दिवशी ती लय संगीताखाली अंथरली, तर चाळीस गिऱ्हाइकांनी एकाच वेळी पट्टे सैल केले, ढेकर दिले आणि दोन तास कुणी जागचं हललं नाही. दुसरे होते निवृत्त मुख्याध्यापक गोसावी गुरुजी. त्यांची तृप्ती शांत आणि रेखीव होती. पण तिच्यात आणखीही काहीतरी होतं, कारण त्या दिवशी जो तो पोट भरल्याचं सांगत होता आणि वर उसळीला फोडणी कमी पडली होती असंही सांगत होता. धोंडीरामकाकांनीसुद्धा हे ऐकवलं, तेव्हा काकूंनी यंत्र स्वतःच्या हाताने बंद केलं.

तिसरं जेवण उरलं. विश्वंभर म्हणाले, "काकू, तुम्हीच बसा."

काकूंनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी साडेबारा वाजता, गिऱ्हाइकं यायच्या आधी, त्यांना टोपी घालून टेबलाशी बसवलं. त्या जेवल्या. मान खाली घालून, अंग चोरून, दर दोन घासांनी दाराकडे बघत जेवल्या.

"पोट भरलं?" विश्वंभरांनी विचारलं.

"भरलं की बाबा, लई भरलं."

यंत्र मात्र काही म्हणेना. रेघ सरळच्या सरळ होती. तेवढ्यात गिऱ्हाइकं आली, काकू तशाच टोपीसकट उठल्या आणि वाढायला लागल्या. विश्वंभर हताश होऊन बसून राहिले. आणि पावणेतीनला रेघ हलली. मग ती चढत गेली. अशी लय विश्वंभरांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ती रुंद, संथ होती आणि दहा मिनिटं उतरलीच नाही. उतारवयात पोटाचा निरोप सावकाश पोचत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्याला 'विलंबित तृप्ती' असं नावही देऊन टाकलं आणि त्यावर शोधनिबंध लिहायचा विचार करत ते आनंदाने पुण्याला गेले. शास्त्रज्ञाला नाव सुचलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

संगीत काकूंनी निवडलं. लग्नाच्या पंगतीत वाजते तशी सनई, पण सावकाश वाजवलेली. तिच्याखाली काकूंची तृप्ती अंथरली गेली आणि कोष्टी खानावळीत ज्याला चमत्कार म्हणावं असं काहीतरी घडलं.

लोक जेवून उठले ते हसत उठले. ज्यांची एकमेकांशी तोंडओळखही नव्हती ते एकमेकांची ताटं उचलू लागले. एका टेम्पोवाल्याने स्वतःची चटणी शेजारच्या म्हाताऱ्याच्या ताटात वाढली आणि म्हातारा ती खाताना त्याच्याकडे बघत बसला. "काकू, जल्मात आसं जेवलो न्हाई," असं सांगायला लोक चुलीपर्यंत येऊ लागले. कुणी कांदे आणून टाकले, कुणी सरपण. एक जोडपं भांडत आलं होतं, ते एका ताटात जेवून गेलं. काकूंनी दिवाळीनंतर बंद करायचं म्हटलं होतं, त्या दिवाळीत त्यांनी खानावळीला रंग दिला. विश्वंभरांना त्यांनी फोन केला आणि बोलता बोलता रडल्या. "लई उपकार केलंस रं," एवढंच म्हणाल्या. काहीतरी फेडता आल्याचं समाधान विश्वंभरांना पहिल्यांदा मिळत होतं.

अन्न खात्याचे अधिकारी येऊन बघून गेले. नियम मोडत नव्हता. खानावळीने जास्त वाढायचं नाही एवढाच नियम होता, गिऱ्हाइकाने स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला देऊ नये असं कुठे लिहिलं नव्हतं. काकूंना विचारून त्यांचा नाद इतर खानावळींनाही देण्यात आला; विट्याची धरून एकूण चारशे बारा झाल्या.

पाचव्या महिन्यात विश्वंभरांपुढे वजनाचे आकडे आले. मोजथाळीबरोबर दर तीन महिन्यांनी गिऱ्हाइकांचं वजन घेतलं जाई. चारशे बारा खानावळींतली माणसं वाळत होती. तक्रार एकाचीही नव्हती. उलट प्रत्येकाने अभिप्रायाच्या अर्जात 'अत्यंत समाधानी' या रकान्यावर खूण केली होती.

विश्वंभर त्याच दिवशी विट्याला निघाले. नादाचा परिणाम आपल्यावर होऊ नये म्हणून त्यांनी कानात घट्ट बोळे घातले आणि दुपारी एक वाजता कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. त्यांना दिसलं ते असं. काकूंनी ताटं वाढली. टेम्पोवाल्याने आपली भाकरी शेजाऱ्याच्या ताटात ठेवली. शेजाऱ्याने ती पलीकडच्या बाईच्या ताटात ठेवली. बाईने तिची उसळ त्याला दिली, त्याने ती मागच्या टेबलावर नेली. प्रत्येक जण आग्रह करत होता, प्रत्येकाचा चेहरा फुललेला होता आणि भाकऱ्या चाळीस ताटांतून फिरत होत्या. अर्ध्याहून जास्त भाकऱ्या शेवटी जशाच्या तशा आत परत गेल्या. पावणेतीनला शेवटचं गिऱ्हाईक तोंड पुसत उठलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला हात लावून उभ्या होत्या. त्यांची नजर त्या माणसाच्या पाठीवर होती. बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत घसरल्या होत्या आणि चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की विश्वंभरांनी मान वळवली.

हा चेहरा त्यांनी चार वर्षं रोज पाहिला होता.

त्यांनी बोळे काढले, सनई बंद केली आणि गल्ल्यापाशी गेले.

"काका, काकू कधी जेवतात हो?"

धोंडीरामकाका एकच्या ठोक्याला जेवणारे. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आता… जेवत आसंलच की कवातरी."

"कधी म्हणजे किती वाजता?"

"आवो, माझं समदं वाढून झाल्यावर जेवत आसंल. बघितलं न्हाई बा कधी."

विश्वंभर आत गेले. काकू भांडी गोळा करत होत्या.

"मी व्हय? चारला जेवते. समदी उठल्यावर, उरलंसुरलं." मग पातेली एकात एक ठेवत त्या म्हणाल्या, "पर हल्ली भूकच लागत न्हाई बघ. तुजी सनई वाजाया लागल्यापासनं पोट कसं गच्च ऱ्हातंय."

विश्वंभर तिथल्याच पाटावर बसले. त्या दिवशी यंत्राने टिपली ती काकूंची भूक भागल्याची लय नव्हतीच. ती शेवटचा माणूस जेवून उठल्याची लय होती. काकूंच्या मेंदूत तृप्ती उमटत होती ती दुसरा जेवल्यावर, आणि तीच त्यांनी चारशे बारा खानावळींत नेऊन अंथरली होती. आता तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला जेवू घालून तृप्त होत होता आणि जेवायला कुणी उरलं नव्हतं.

"काकू, चूक माझी आहे," ते म्हणाले. "चार वर्षं जेवलो तुमच्या हातचं. तुम्ही कधी जेवता हे मला कधी दिसलंच नाही. विचारायचंही सुचलं नाही."

"आरं, त्यात काय इचारायचं?" काकूंना खरोखरच कळेना.

नाद बंद करणं सोपं होतं, पण मग ते रिकाम्या ताटाकडे बघणारे चेहरे परत येणार होते. शिवाय काकूंना सनईशिवायही जेवण गेलं नसतं. गिऱ्हाइकं अर्धपोटी उठताना बघून त्या घास गिळणाऱ्या नव्हत्या. विश्वंभरांनी चौथ्या पोटभर जेवणाचा परवाना मागवला. या वेळी लय जेवणाऱ्याचीच हवी, निव्वळ जेवणाऱ्याची. टोपी त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर घातली. काकूंनी वाढलं, पूर्वीसारखं, आडवा हात सारून. विश्वंभर जेवले. लय लगेच उमटली, भरघोस आणि निर्मळ. जगात आपलं कुणीतरी आहे, असं वाटणाऱ्या माणसाची ती लय होती.

गुरुवारी दुपारी एक वाजता ती सनईखाली अंथरली. विश्वंभर कानात बोळे घालून यंत्रापाशी उभे राहिले.

चाळीस माणसं येऊन बसली. रिकामी ताटं पुढ्यात होती. हात मांडीवर ठेवून सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे प्रसन्नपणे बघू लागले. कुणाला घाई नव्हती. धोंडीरामकाका गल्ल्यामागची खुर्ची ओढून एका टेबलाशी येऊन बसले. मग काकू भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आल्या. दोन टेबलांपर्यंत आल्या. त्यांची पावलं हळूहळू मंदावली. त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर सावरला, भिंतीकडेचं स्टूल ओढलं आणि बसल्या. एकेचाळीस वर्षांत गर्दीच्या वेळी त्या पहिल्यांदा बसल्या होत्या. त्याही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागल्या.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कुणी हललं नाही. आता कुणीतरी येईल आणि वाढेल, एवढीच खात्री त्या बेचाळीस चेहऱ्यांवर होती.

मग विश्वंभरांना समजलं, की या खोलीत कानात बोळे असलेला माणूस एकच आहे.

ते आत गेले. करपलेली भाकरी काढली. पळी कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं, ती शोधण्यात वेळ गेला. पिठाचा एक गोळा काकूंनी परातीत ठेवला होता, त्याची त्यांनी वेडीवाकडी भाकरी थापली आणि भाजून, वाफ निघत असतानाच सर्वांच्या आधी काकूंपुढे ताट मांडून त्यात वाढली. उसळ वाढली. काकूंनी घास मोडला, तोंडात घातला आणि हळूहळू चावला. त्यांचं काय चाललंय ते बघायला विश्वंभर वाकले आणि एका कानातला बोळा त्यांनी क्षणभर काढला.

"गरम भाकरी आशी लागती व्हय?" काकू म्हणत होत्या.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लई उपकार झालं बाबा तुझं," त्या म्हणाल्या आणि दुसरा घास मोडला. विश्वंभरांनी बोळा परत घातला आणि टोपली उचलली. चाळीस माणसांना आणि काकांना वाढताना त्यांची पाठ भरून आली. सगळे पोटभर जेवल्यासारखे जेवले, कुणी कुणाला काही दिलं नाही, ताटं लख्ख झाली. शेवटचा माणूस उठला तेव्हा विश्वंभर स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभे होते. पोटात कावळे ओरडत होते. चार वाजता त्यांनी उरलेली गार भाकरी खाल्ली.

अहवालात त्यांनी सगळं खरं लिहिलं. नवा नाद निर्धोक आहे, लोक आपल्या वाटचं जेवतील आणि तृप्त होतील. अट एकच आहे. प्रत्येक खानावळीत एका माणसाला कान बंद ठेवून वाढावं लागेल आणि त्याच्या वाट्याला तृप्ती येणार नाही. म्हणून हे काम सर्वांनी पाळीपाळीने करावं, असं त्यांनी वाक्याखाली रेघ मारून लिहिलं. खातं खूश झालं. चाळीस माणसांच्या समाधानाला एक माणूस, म्हणजे फारच थोडं. परिपत्रकात 'पाळीपाळीने' हा शब्द ठेवला होता, पण सोबतच्या अर्जात नावासाठी रकाना एकच होता.

आठ दिवसांत चारशे बारा अर्ज आले. विश्वंभरांनी ते पुण्याच्या कचेरीत बसून एकेक करून वाचले. शांताबाई, रुक्साना, वेणू, सगुणा. कुणी मालकाची बायको होती, कुणी आई, कुणी गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली सून. अर्जात स्त्री की पुरुष असं कुठेच विचारलेलं नव्हतं, तरी चारशे बारांत पुरुषाचं नाव एकही नव्हतं.

विट्याचा अर्ज सर्वांत आधी आलेला होता. नाव, अनसूया धोंडीराम कोष्टी. सही त्यांचीच, जपून काढलेली. खाली शेऱ्यासाठी जागा होती. तिथे बाकी कुणी काही लिहिलं नव्हतं, काकूंनी दोन शब्द लिहिले होते.

'सवय हाय.'